आपल्या सोयीने यावे

साबाजी कुबलाचं तोंड घाण आहे असं केवणीवाडीत कोणी म्हणत नसे, कारण तिथं सगळ्यांचीच तोंडं तशी होती. मालवणच्या दक्षिणेला खाडीच्या मुखाशी ही मच्छीमारांची वाडी. जाळं फाटलं तरी शिवी, भरलं तरी शिवी. शिवीशिवाय बोलायचं ते फक्त तलाठ्याशी, डॉक्टरशी आणि ज्याच्या घरात मयत झालंय त्याच्याशी. बाकी कोणाशी गोड बोललात तर तो बिचारा घरी जाऊन विचार करत बसे, की माझं काय चुकलं. वाडीत नातं तुटलं की भांडण होत नसे. भांडण म्हणजे नातं अजून आहे. तुटल्यावर 'या, बसा, पाणी घ्या' सुरू व्हायचं. ते ऐकलं की शेजारी समजून जायचे आणि मध्ये पडायचं सोडून द्यायचे.

साबाजीची लेक प्राची या वाडीतून शिकून पुण्याला गेली आणि तिला नोकरी लागली ती नेमकी लोकांची तोंडं धुणाऱ्या कंपनीत. देवाला विनोद करायचा असला की तो असाच करतो.

सभ्य संवादाचा कायदा येऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. इंटरनेटवरच्या गप्पांच्या कट्ट्यांवर लोक एकमेकांच्या जिवावर उठू लागले, तेव्हा सरकारनं सांगितलं की प्रत्येक कट्ट्यावर भाषा सौम्य करणारं यंत्र बसवायचं. प्राचीच्या कंपनीनं असं यंत्र केलं. त्याचं नाव मार्दव.

मार्दवचं तत्त्व अवघड नव्हतं. भाषेचं यंत्र शब्द वाचत नाही, आकडे वाचतं. नकाशावर गावाला अक्षांश-रेखांश असतात, तसे ते प्रत्येक वाक्याला आकडे देतं. फक्त इथल्या नकाशाला दोन नव्हे, हजारो दिशा असतात. जवळच्या अर्थाची वाक्यं त्यावर एकमेकांजवळ पडतात. संशोधकांना आढळलं, की या हजारोंतल्या काही दिशा निव्वळ सुराच्या आहेत. वाक्य त्या दिशेनं सरकवलं की अर्थ जागच्या जागी राहतो आणि 'चालता हो'चं 'आपण आता निघालात तर बरं' होतं. लिहिणाऱ्याच्या फोनवर त्याचेच शब्द दिसत. वाचणाऱ्याच्या फोनवर सरकवलेले. मूळ शब्द कंपनी ठेवत नसे, कायद्यानंच मनाई होती.

अडचण आली ती कोकणात. मार्दवनं मालवणी कट्टे धुऊन काढले आणि आठवड्याभरात ते ओस पडले. लोकांना वाटलं, सगळे आपल्यावर रुसले. तेव्हा मालवणी विभाग प्राचीच्या हाती आला आणि तिनं खरोखर हुशारीचं काम केलं. शिवी कोणती हे न बघता, शिवीवर उत्तर काय येतं ते बघायला तिनं यंत्राला शिकवलं. उत्तरादाखल हसू आलं, बांगड्याचा फोटो आला किंवा आणखी मोठी शिवी आली, तर ती आपुलकीची. तिला हात लावायचा नाही. वर तिनं शिमग्याचीही सूट घालून घेतली, कारण होळीच्या दिवसांत कोकणात देवसुद्धा शिव्या ऐकून घेतो. कट्टे पुन्हा नांदते झाले. केवणीवाडीत साबाजी चारचौघांत सांगे, "आमच्या चेडवान मशीनाक शिये शिकवल्यान." लेकीनं यंत्राला शिव्या शिकवल्या, यापेक्षा मोठं कौतुक त्याला येत नव्हतं.

इथंच गोष्ट संपली असती तर प्राची सुखी बाई म्हणून म्हातारी झाली असती. पण तिला मुलगी झाली.

सासर पुण्याचं, आगाशांचं. माणसं वाईट नव्हती, फक्त हळू बोलणारी होती. बारशासाठी सासूबाईंनी दोन्ही घरांचा मिळून एक कट्टा केला. त्यावर साबाजीचा पहिला निरोप आला तो व्याह्यांना उद्देशून.

"अरे व्याह्यांनु, तुमच्या आवशीचो घो, नातीचां नाव काय ठेवतलास तां तरी सांगा. मेल्यांनु, एकटेच पेढे खातास काय थंय?"

मार्दवनं बरोबर ओळखलं की म्हातारा आनंदानं वेडा झालाय. त्यानं एक अक्षर बदललं नाही.  संध्याकाळी सासूबाई मात्र बाळाच्या दुपट्याच्या घड्या घालताना म्हणाल्या, "मोकळे आहेत हो तुझे वडील." एवढंच. ओरडल्या असत्या तर प्राचीनं दोन उलटी उत्तरं दिली असती. 

कायद्यात घरच्या म्हाताऱ्या माणसांसाठी एक सोय होती. त्यांच्या खात्याला कुटुंबातला एक प्रतिनिधी नेमता येई आणि तो त्यांची पायरी ठरवी. पायऱ्या चार: मूळ, घरगुती, व्यावहारिक आणि सगळ्यात वर अतिथी. अतिथी पायरीवर बोली जाऊन पुस्तकी मराठी येई, समोरच्याला 'आपण' म्हटलं जाई आणि कुठली सूट चालत नसे. धमकी असेल तर ती गाळून तिच्या जागी समोरच्याला मोकळीक देणारं वाक्य येई. एरवी बदललेल्या मजकुराखाली पानाची एक छोटी खूण दिसे. या पायरीवर तीही दिसत नसे, कारण खूण दिसली की वाचणारा मूळ शिवीच्याच शोधात लागतो.

साबाजीची प्रतिनिधी प्राचीच होती. तिनं बापाचं नाव उघडलं आणि पायरी थेट अतिथीवर चढवली. यंत्रानं विचारलं, "या व्यक्तीची भाषा आपुलकीची दिसते. पायरी व्यक्तीला लागते, कट्ट्याला नाही. सर्वत्र लागू होईल. तरीही बदलू?"

हा प्रश्न प्राचीनंच यंत्रात घातला होता. तिला त्याचा अर्थ पुरता ठाऊक होता. वाडीच्या कट्ट्यावरही बाबा आता आगाशांसारखे बोलणार, हेही ठाऊक होतं. पण बाबा तिथं लिहितात कुठं फारसं? सगळं तोंडानं, बंदरावर. तिनं 'होय' दाबलं. खरं सांगायचं तर तिला तेव्हा हलकं वाटलं, लहानपणापासून अंगावर असलेला मासळीचा वास एकदाचा गेल्यासारखं.

पुढच्याच निरोपानं आगाशे खूश झाले. "नातीच्या आगमनाने मन भरून आले. आपणा सर्वांस नमस्कार," असं साबाजी म्हणत होता. सासूबाई म्हणाल्या, "किती छान लिहितात! तू उगाच लाजत होतीस." प्राचीला बापाचा अभिमान वाटला. जे त्यानं कधी लिहिलंच नव्हतं त्याचा.

प्राचीला एक भाऊ होता, रुपेश. बाळाच्या जन्माच्या बऱ्याच आधी, होडी पर्यटकांना फिरवायला लावू, असं तो म्हणाला होता. साबाजी म्हणाला, माझ्या होडीत मासळी बसते, माकडं बसत नाहीत. बापलेकांत तोंडातोंडी झाली, रुपेशनं घर सोडलं आणि वास्कोला जहाजांच्या डागडुजीच्या कामाला लागला. दोन शिमगे तो आला नाही. दोघांचाही जीव तुटत होता आणि दोघंही ते कबूल करायला तयार नव्हते. वाडीला मात्र खात्री होती की दोघं एकदा समोरासमोर आले, पोटभर शिव्या दिल्या, की मिटेल.

तिसऱ्या वर्षी रुपेश वाकला. त्याला परदेशी मासेमारी जहाजावर नोकरी चालून आली होती. करार लांबलचक, एकदा गेलं की वर्षानुवर्षं पाणीच पाणी. जाववेना आणि राहवेनाही. शेवटी त्यानं फोन न करता वाडीच्या कट्ट्यावर, सगळ्यांच्या देखत लिहिलं. वाडीची रीतच ती. भांडण चव्हाट्यावर झालं तर मिटवायचंही चव्हाट्यावर.

"बाबा, शिमग्याक इलंय तर चलात काय?"

 शेदीडशे माणसं, मुंबईची, गोव्याची, मस्कतची, सगळी फोन हातात धरून बसली. साबाजीनं चष्मा शोधला आणि एका बोटानं टाइप केलं.

"अरे रांडेच्या, इचारतस काय? घर काय तुझ्या सासऱ्याचां आसा? मुकाट ये. नाय इलंस तर तुझ्या आवशीचो घो, थंय येवन तंगडी मोडीन."

आपल्या फोनवर हे शब्द बघून त्याचं त्यालाच बरं वाटलं असणार. रुपेशच्या फोनवर, आणि इतर सगळ्यांच्या, आलं ते असं:

"नमस्कार. आपण विचारलेत, त्याबद्दल आभार. घर आपलेच आहे. शिमग्याला आपल्या सोयीने यावे. न जमल्यास हरकत नाही."

प्राचीनं ते ऑफिसात वाचलं. केवणीवाडीत ही भाषा मयताच्या घरात बोलतात. तिनं क्षणात ओळखलं की मूळ वाक्य काय असेल. शेवटच्या वाक्याच्या जागी तंगडी होती हेही ओळखलं. कट्ट्यावर एकानंही काही लिहिलं नाही. लिहिणार काय? बापानं पोराला सर्वांदेखत परका केला, असंच जो तो समजला. वाडीच्या शिव्या यंत्र बदलत नाही, हे प्राचीमुळेच तर सगळ्यांना माहीत होतं.

त्याच क्षणी बाबांना फोन करून 'तुमच्या फोनचा फोटो रुपेशला पाठवा' म्हटलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. पण मग कशाला, म्हणून बाबांनी विचारलं असतं. मग सांगावं लागलं असतं, की बाबा, मला तुमच्या तोंडाची लाज वाटली. त्यापेक्षा रुपेशलाच समजावू, असं तिनं ठरवलं. घरी गेल्यावर तिनं फोन लावला. सासूबाई समोर दिवाणावर बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"रुपेश, ते बाबांनी तसं नव्हतं लिहिलं. यंत्रानं बदललं."

"यंत्र वाडीचां काय बदलीत नाय. तूच सांगल्लंस." रुपेशचा आवाज थंड होता. "माका आपण म्हणता, भर कट्ट्यार."

"अरे, शिवी दिली होती त्यांनी तुला. मोठी."

"खयची?"

प्राचीनं तोंड उघडलं. शब्द तिला पाठ होते. चालायला लागायच्या आधीपासून ऐकलेले. सासूबाईंनी बाळाचं टोपडं नीट करत सहज वर पाहिलं.

"नेहमीची," प्राची हळू आवाजात म्हणाली.

"खयची नेहमीची? सांग मगे. बाबा म्हणतत तशी म्हण एकदा."

"तुला माहीत आहे ना रे."

"माका म्हायत नाय. म्हण तू."

आत स्वयंपाकघरात जाता आलं असतं. गच्चीत जाता आलं असतं. पण फोन घेऊन उठून गेलं तर त्याचाही अर्थ निघतो, आणि हळू बोलणाऱ्या घरात अर्थ फार लवकर निघतात. प्राची जागची हलली नाही. "ते... आईवरून एक असते ना," एवढं ती कसंबसं बोलली.

पलीकडे रुपेश हसला. ते हसू चांगलं नव्हतं. "तुका बापाची शिवी तोंडात घेववत नाय, आणि माका सांगतस बापान दिल्यान. माझी समजूत काढूक नुको, ताई. बरी रव." त्यानं फोन ठेवला. कोणाचा फोन, सासूबाईंनी विचारलं. भावाचा, प्राची म्हणाली, बरा आहे.

शिमगा आला. साबाजीनं ओटा सारवून घेतला, होडीला नवा रंग दिला. कट्ट्यावर कोणी काही बोलत नाही हे त्याला विचित्र वाटलं, पण पोरगा येतोय म्हणून लोक मजा बघतायत, असा त्यानं अर्थ लावला. होळी पेटायच्या वेळेपर्यंत तो वाडीच्या तोंडाशी उभा होता. लोक त्याच्याकडे बघायचे आणि नजर चुकवायचे. स्वतःहून पोराला तोडलं आणि आता कसली वाट बघतो हा, असं त्यांना वाटत होतं. विचारणार कोण?

होळीत बोंब मारतात ती देवाच्या नावानं नाहीतर वैऱ्याच्या नावानं. पोटच्या पोराच्या नावानं केवणीवाडीत आजवर कोणी मारली नव्हती. साबाजीनं ती मारली. इतक्या मायेनं बोलावूनही जो येत नाही तो मेला, असं मनाशी म्हणून त्यानं रुपेशचं वल्हं आगीत टाकलं. कोणीतरी ते फोनवर टिपलं आणि कट्ट्यावर टाकलं. चित्रावर मार्दव चालत नाही. ते जसंच्या तसं वास्कोला पोचलं.

रुपेशनं त्या आठवड्यात करारावर सही केली आणि तो गेला.

खरी गोष्ट बाहेर आली ती बाळा मेथरामुळे. हा रुपेशचा लहानपणचा दोस्त. जहाज निघून गेल्यावर त्याला राहवलं नाही, तो साबाजीच्या ओट्यावर जाऊन ओरडला, की काका, तुमी पोराक असां लिवलास कित्या? साबाजी म्हणाला, काय लिवलंय? बाळानं आपला फोन पुढे केला. साबाजीनं आपला काढला. दोन्ही फोन शेजारी ठेवून म्हाताऱ्यानं दोनदा वाचलं.

"ह्यां कोणी लिवल्यान?"

"मशीनान."

"मशीनाक कोणी सांगल्यान?"

बाळानं साबाजीच्या फोनमध्ये शोधलं. तिथं नाव होतं. हे सगळं बाळानंच नंतर प्राचीला कळवलं. "गो प्राची, तू ह्यां काय करून ठेवलंस?" तो म्हणाला. "म्हाताऱ्यान एक शिवी पण देवक नाय. नुसतो बसून होतो."

साबाजीनं मग जहाजावर निरोप पाठवला. काय काय शिव्या दिल्या असतील त्या त्याच जाणे. बाळा म्हणाला, लिहिताना रडत होता. पण जहाजावर फक्त लेखी निरोप पोचत, फोन किंवा चित्रं नाहीत, आणि खलाशांच्या मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून जहाजाच्या कंपनीनं सगळ्यांचा पत्रव्यवहार अतिथी पायरीवर बांधून टाकला होता. तो सैल करणं कोणाच्या हातात नव्हतं, प्राचीच्याही नाही. तिनं दारोदार फिरून विचारलं. उत्तर आलं रुपेशकडून: "कळविल्याबद्दल आभार. आपण प्रकृतीची काळजी घ्यावी." हे रुपेशचं की यंत्राचं, हे आता समुद्रच जाणे. साबाजीनं आणखी निरोप पाठवले. प्रत्येकाला तेच उत्तर आलं.

प्राचीला दिवसरात्र एकच दिसू लागलं, ते दोन फोन शेजारी शेजारी. तिनं बापाची पायरी उतरवून अगदी खाली, मूळवर आणली, आणि मग त्याला लिहायला बसली. काहीही लपवलं नाही. लाज वाटली होती, दिवाणावर सासूबाई होत्या म्हणून तोंड उघडलं नाही, सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं, "बाबा, मला वाटेल ते बोला. मी घरी येते आहे. तुमच्या नातीला घेऊन येते. येऊ ना?"

लिहून झाल्यावर तिला थोडं बरं वाटलं. आता येईल, तिनं स्वतःला सांगितलं. 'गो सटवे' येईल. लहानपणी पेज सांडली की यायचं, दहावीला पहिली आली तेव्हाही आलं, लग्न करून निघताना बंदरापर्यंत ओरडत आलं होतं तेच. मग आई काढेल, आजी काढेल, तंगडी मोडायला निघेल. मोडू दे. सासूबाई तिथंच टीव्ही बघत होत्या आणि या वेळी प्राचीनं आवाज मोठा करून ठेवला होता, म्हणजे फोन निरोप वाचून दाखवील तेव्हा घरभर ऐकू जाईल. तिला ते ऐकू जायला हवं होतं.

फोन वाजला. यंत्राच्या गोड आवाजात निरोप घरभर घुमला.

"नमस्कार. आपण विचारलेत, त्याबद्दल आभार. घर आपलेच आहे. आपल्या सोयीने यावे. न जमल्यास हरकत नाही."

"बघ," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "किती समजूतदार आहेत."

प्राचीनं घाईघाईनं बापाचं खातं उघडलं. पायरी कुठंतरी पुन्हा वर चढली असणार, कुठंतरी चूक असणार, चुका होतात. पायरी मूळवरच होती. निरोपाखाली यंत्रानं आपल्या पद्धतीनं नोंद केली होती: लेखकाचेच शब्द. बदल नाही.